स्वभाव बुजरा, पण ‘नको’ म्हणायची घाई कुठून आली?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. वय 25, वर्तकनगरला आईबाबांकडे राहता, ऐरोलीत आयटीत नोकरीला तीन वर्षं झाली. सकाळच्या कॉलमध्ये तुमची पाळी जवळ आली की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. घरातून निघण्याआधी दोन-तीनदा पोट साफ करायला जावं लागतं. अनोळखी नंबर उचलत नाही. गेल्या महिन्यात टीम लीड होणार का विचारलं, तर जागच्या जागी ‘नको’ म्हणालात आणि तेव्हापासून मनात कुढताय. आई जन्माची काळजीखोर, बाबा कडक. दोन वर्षांनी धाकटी बहीण त्याच घरातली, त्याच शाळेतली, पण एकदम बिनधास्त. ती म्हणते, “ताई, तुझा स्वभावच तसा.” मोबाइलवरचे रील म्हणतात, दोष आईवडिलांचा. दोघांत खरं कोण, असा तुमचा प्रश्न.

मी ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला बावीस वर्षं समुपदेशन करते आणि वीस ते तीस वयाची मुलं माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. त्यातला निम्माशिम्मा भाग हाच प्रश्न घेऊन येतो, फक्त शब्द वेगळे असतात. तो एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन गुंतलेले असतात. हे बनलं कशाचं? यात चूक कुणाची? आणि आता हलणार आहे का? बहुतेकांना उत्तर तिसऱ्याचं हवं असतं, पण ते भांडत बसतात दुसऱ्यापाशी. कारण दुसऱ्यात निदान कुणावर तरी रागावता येतं.

दहा-बारा ओळींवरून निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. बऱ्याच गोष्टींवर बरंच काही अवलंबून आहे. हे शाळेपासूनचं आहे की नोकरी लागल्यानंतरचं? झोप कशी आहे? चहा-कॉफी किती होते? थायरॉइड कधी तपासलाय का? वाढलेला थायरॉइड हुबेहूब चिंतेसारखा वागतो, छातीत धडधड, हाताला कंप, पोट हलकं. माझ्याकडे सहा महिने समुपदेशन घेतलेली एक मुलगी होती. शेवटी साधी रक्ततपासणी केली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून पहिल्याच भेटीत फॅमिली डॉक्टरकडे पाठवते. ती चूक माझीच होती. तर ते आधी करून घ्या. पुढचं सगळं ती तपासणी ठीक आली असं धरून.

आता स्वभाव. मराठीत याला फार नेमका शब्द आहे: बुजरा. बैल बुजतो, घोडं बुजतं. रस्त्यात नवीन काही दिसलं, फडफडणारा कागद, अनोळखी माणूस, की जनावर थबकतं, कान टवकारतं आणि मागे सरतं. भित्रं जनावर पळून जातं, बुजरं आधी थांबून बघतं. माणसाच्या पोरांतही हे असतं, आणि फार लवकर दिसतं. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना पाळण्यावरची रंगीत खेळणी दाखवली, टेपवरचे अनोळखी आवाज ऐकवले, नाकाजवळ अल्कोहोलचा बोळा धरला. कुणी शांतपणे टकामका बघत राहिलं. साधारण 20 टक्के बाळं मात्र हातपाय झाडून, पाठ ताणून रडायला लागली. पुढे वर्ष-दोन वर्षांची झाल्यावर बुजरी निघाली ती बरीचशी यांतलीच. चार महिन्यांच्या बाळाला ‘लोक काय म्हणतील’ कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे तुमच्या बहिणीच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आणि हे पूर्ण पुसलंही जात नाही. 2003 मध्ये केगन यांच्या सहकाऱ्यांनी, कार्ल श्वार्ट्झ वगैरेंनी, तुमच्या वयाच्या 22 जणांच्या मेंदूचे स्कॅन केले. दोन वर्षांचे असताना यांतले काही बुजरे म्हणून नोंदलेले होते, काही नव्हते. ओळखीचे चेहरे दाखवले तेव्हा फारसा फरक दिसला नाही. अनोळखी चेहरे दाखवल्यावर मात्र बुजऱ्यांच्या मेंदूतला धोका हेरणारा भाग, अमिग्डला, जास्त पेटला. वीस वर्षं मध्ये गेली होती. यांतले बरेचजण तोवर कॉलेजात, नोकरीत, व्यवस्थित चाललेले होते. पण आतली घंटा अजून थोडी लवकरच वाजत होती.

हे ऐकून लोक माझ्यासमोर हताश होतात. मला उलट यात दिलासा दिसतो. घंटा लवकर वाजते म्हणजे माणूस आजारी असं नव्हे. बुजऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे चिंतेचा आजार होतच नाही. धोका इतरांपेक्षा चांगलाच जास्त असतो, विशेषतः चारचौघांत वाटणाऱ्या भीतीचा, पण निम्म्याहून अधिक सुटतात. मग सुटणारे आणि अडकणारे यांच्यात फरक कशाचा? इथून संगोपन सुरू होतं, आणि इथेच रीलवाल्यांचं आणि माझं बिनसतं.

आधी आकडे, कारण ते दोन्ही बाजूंना गप्प करतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून चिंतेच्या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा 30 ते 40 टक्के धरला जातो. याचा अर्थ तुमच्या भीतीतली पस्तीस टक्के आईकडून आली असा नाही. भाकरीत पिठाचे टक्के किती आणि थापण्याचे किती, असं एका भाकरीबद्दल सांगता येतं का? हा आकडा खूप माणसांमधल्या फरकाचा आहे, एका माणसाच्या आतला नाही. बरं, उरलेलं सगळं आईवडिलांचं म्हणाल तर तेही नाही. 2007 मध्ये मॅक्लिऑड, वुड आणि वाइझ यांनी तोवरचे 47 अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलांच्या चिंतेतल्या फरकापैकी आईवडिलांच्या वागण्याने उलगडणारा भाग निघाला सरासरी अवघा 4 टक्के. प्रेम कमी, रागावणं जास्त, असल्या गोष्टींचा संबंध आपण समजतो त्याहून कितीतरी क्षीण. एकच गोष्ट ठळकपणे वर आली, सुमारे 18 टक्के: मुलाला स्वतःचं स्वतः करू देणं, किंवा न देणं.

हे वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. कारण क्लिनिकमध्ये मी वर्षानुवर्षं बाबांच्या कडकपणाच्या कहाण्या ऐकत होते आणि आईच्या मदतीकडे माझं लक्षच नव्हतं.

आपल्याकडे ही मदत इतकी प्रेमळ असते की ती दिसत नाही. पाहुणे येतात, पोर आईच्या पदराआड जातं, पाहुणा विचारतो “नाव काय तुझं?” आणि उत्तर आई देते. वाण्याकडे पाठवायचं तर चिठ्ठी लिहून. शाळेत बाईंशी बोलायचं तर “तू राहू दे, मी येते.” दहावीनंतर अ‍ॅडमिशनच्या रांगेत बाबा. क्लासला रिक्षा ठरवलेली. “पोचलीस की फोन कर.” यात एकही गोष्ट वाईट नाही. मोकळ्या स्वभावाच्या मुलावर याचा ओरखडाही उठत नाही, कारण ते मूल आईच्या आधीच नाव सांगून मोकळं होतं आणि पाहुण्याची बॅगही उघडून बघतं. बुजऱ्या मुलाला मात्र दर वेळी एकच धडा मिळतो: घंटा वाजली की थांब, कुणीतरी येऊन सोडवेल.

शिवाय पोरं शब्दांपेक्षा चेहरा वाचतात. सिडनीत रोनाल्ड रॅपी आणि त्यांच्या सहकारी गेरल यांनी दीड-एक वर्षाच्या मुलांपुढे रबराचा साप आणि रबराचा कोळी ठेवला. आईला सांगितलेलं, एका खेळण्याकडे बघून हसायचं, दुसऱ्याकडे बघून घाबरल्यासारखा चेहरा करायचा. मूल ज्या खेळण्याला बुजलं ते आईच्या चेहऱ्यावरून ठरलं, आणि थोड्या वेळाने आईने चेहरा सरळ केल्यावरही ते टिकून राहिलं. तुमची आई काळजीखोर आहे म्हणता. त्यांनी तुम्हाला “लोकांना घाबर” असं कधीच सांगितलं नसेल. पण फोन वाजल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, ते डोळे मिटून आठवा.

तुमच्या बहिणीचं कोडंही इथे सुटतं. “एकाच घरात वाढलो” हे शिधापत्रिकेवर खरं. प्रत्यक्षात तुम्हा दोघींना वेगवेगळी आई मिळाली. संगोपन मुलाला घडवतं हे सगळे म्हणतात. मूल संगोपनाला घडवतं हे कुणी म्हणत नाही, पण तसंच होतं. पहिली मुलगी नवीन माणूस दिसताच रडते, तेव्हा आई तिला उचलून घेते. दर वेळी. दुसरी उतरून पळत सुटते, आईला तिच्यामागे धावण्याचीही फुरसत नसते. पहिलीला अधिक सांभाळणं मिळतं कारण ती ते मागते, आणि सांभाळल्यामुळे ती आणखी मागते. यात कट कुणाचाच नाही. तुम्ही दोन वर्षांच्या, आई सव्वीस-सत्तावीसची. दोघी एकमेकींना घाबरवत आणि एकमेकींना शांत करत वाढलात.

बाबांच्या कडकपणाबद्दल थोडंच सांगते. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतीपत्नीने 1956 पासून 133 मुलांना तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. त्यांचा मुद्दा होता जुळणीचा. चांगला किंवा वाईट असा स्वभाव नसतो. हा स्वभाव आणि हे घर एकमेकांना बसतात का, हे बघायचं. त्यांच्याकडची 15 टक्के मुलं हळूहळू रुळणारी होती. वेळ दिला तर ती येत, ढकललं तर अजून आत जात. पाहुण्यांसमोर “तोंड शिवलंय का, पाढे म्हणून दाखव” असं एखाद्या मुलाला म्हटलं तर ते तीसपर्यंत म्हणून वर बक्षीस मागेल. हळू रुळणारं मूल त्या प्रसंगातून फक्त ‘सगळे बघत होते आणि मला आलं नाही’ एवढंच घेऊन उठतं. तुमच्या घरात एकीकडे आई उचलून घेणार आणि दुसरीकडे बाबा ढकलणार, असं झालं असावं. मधली वाट, म्हणजे शेजारी उभं राहून “घे तुला हवा तेवढा वेळ, पण सांग तूच”, ही कुणालाच सुचली नसेल. आमच्या पिढीला ती कुणी दाखवलीच नव्हती.

मलाही सुचली नव्हती, हे कबूल करते. माझा मुलगा सातवीत असताना त्याच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेत त्याचं नाव बाईंनी परस्पर घातलं. दोन रात्री तो झोपला नाही, ताप आला. मी, लोकांना दिवसभर हेच समजावणारी बाई, सकाळी सव्वासातला शाळेत फोन करून नाव काढून घेतलं. फोन ठेवेपर्यंत त्याचा ताप उतरला होता. इतका लख्ख आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिला असेल. मला त्या क्षणी जग जिंकल्यासारखं वाटलं. पुढच्या स्पर्धेला ताप आठवडाभर आधी आला.

या तापातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. इथवरचं एका दमात सांगायचं तर, घंटा लवकर वाजणं हे बऱ्यापैकी जन्माचं. वाजल्यावर काय करायचं हे घरात शिकलेलं, तेही तुमच्याच ओढीने. आणि आज, पंचविसाव्या वर्षी, ते चालू ठेवतंय कोण, तर सुटका. भीती वाटली, टाळलं, हायसं वाटलं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस. मेंदू नोंद करतो की वाचलो ते टाळल्यामुळे, म्हणजे धोका खराच होता. मानसशास्त्रात मावरर यांनी 1940 च्या दशकात हे मांडलं आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. पहिले दोन थर तुम्ही मागे जाऊन बदलू शकत नाही. तिसरा मात्र रोज नव्याने घातला जातो, उद्या सकाळी साडेदहाच्या कॉलमध्येही घातला जाणार आहे.

टाळणं म्हणजे फक्त रजा टाकणं नव्हे. कॅमेरा बंद ठेवणं, बोलायचं वाक्य न् वाक्य आधी लिहून ते वाचून दाखवणं, “माझ्याकडून काही नाही” म्हणून पुढच्याला पाळी देणं, फोन न उचलता नंतर मेसेज करणं, हे सगळं टाळणंच. दिसायला तुम्ही कॉलमध्ये असता, पण आपल्या तोंडाने, अडखळत बोललो तर काय होतं हे तुम्हाला तीन वर्षांत कळलेलंच नाही.

एका मुलीचं सांगते. तिची परवानगी आहे, ओळखीचे तपशील बदललेत. वय 22. स्टेशनहून घरी शेअर रिक्षाने जायची. तिला “थांबवा” म्हणता येत नसे. चौघांसमोर आवाज काढायचा, रिक्षावाला वळून बघणार, मागचे वैतागणार. म्हणून ती दुसरं कुणी उतरलं की तिथे उतरायची, नाहीतर शेवटच्या स्टॉपला, आणि बारा-पंधरा मिनिटं मागे चालत यायची. चार वर्षं. घरच्यांना वाटायचं मुलीला चालायची आवड आहे.

आठवडाभर आम्ही खोलीत बसून तयारी केली आणि मग मी तिच्याबरोबर रिक्षात बसले. संध्याकाळची वेळ, रिक्षात गाणी मोठ्याने लागलेली. तिचा नाका आला. ती म्हणाली “थांबवा,” पण इतकं हळू की शेजारी बसून मलाही ओठ हलताना दिसले तेवढंच. रिक्षा पुढे गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिले. तेवढं एक काम त्या दिवशी मला होतं, बाहेर बघत राहण्याचं, आणि ते जड गेलं. मग ती ओरडलीच, “दादा, थांबवा!” आवाज फाटला. त्याने करकचून ब्रेक मारला आणि वळून म्हणाला, “आधी सांगायचं ना ताई, कुठे आणलं तुम्हाला!” मागच्या बाईंनी च्यक् केलं. म्हणजे चार वर्षं ज्याची भीती होती ते सगळं, क्रमाने, घडलं.

उतरल्यावर ती सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजत उभी होती. “तो चिडला,” म्हणाली.

“हो, चिडला.”

“मग आता?”

“आता चालू. घर मागे राहिलंय.”

पुढचा महिनाभर ती रोज बोलली. रिक्षावाले काही गोड झाले नाहीत, अधूनमधून कुणी तरी खेकसतच राहिलं. ‘काही वाईट होणार नाही’ असं मी कुणालाच सांगत नाही, कारण होतं. ते झाल्यावरही आपण चालत घरी जातो, एवढं शरीराला कळावं लागतं, आणि ते वाचून कळत नाही.

तुमच्यासाठी मी सुरुवात कॉलपासून करणार नाही, तो वरचा जिना आहे. फोनपासून करा. दिवसातून एक फोन, जिथे समोरच्याला तुम्ही कोण याची पर्वा नाही. गॅस एजन्सीत सिलिंडर कधी येणार विचारा. औषधाच्या दुकानात एखादी गोळी आहे का विचारा. आधी लिहून काढायचं नाही. फोनआधी भीती दहापैकी किती आणि काय होईल असं वाटतंय ते एका ओळीत लिहा, नंतर प्रत्यक्ष काय झालं तेही. भीती शून्यावर यायची वाट बघू नका. सहावर असतानाच नंबर लावा. दहा-बारा दिवसांनी कंटाळा यायला लागतो. कंटाळा हे चांगलं लक्षण. मग अनोळखी नंबर उचलणं. मग कॉलमध्ये रोज एक वाक्य न लिहिता. मग मुद्दाम एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. कॅमेरा त्यानंतर. एखाद्या पायरीवर आठवडाभर अडकलात तर पायरी मोठी झाली असं समजायचं, मधे अजून एक घालायची.

श्वासाचे व्यायाम, ध्यान वगैरे करू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. करा, झोपेला बरे असतात. फक्त कॉलच्या दोन मिनिटं आधी घाईघाईने दहा दीर्घ श्वास घेणं हा आणखी एक ताईत होऊन बसतो.

घरातही एक गोष्ट बदलावी लागेल. डिलिव्हरीवाल्याचा फोन आई घेते, बँकेत बाबा जातात, डॉक्टरची वेळ आई घेते, असं असेल तर (आणि तुमच्या लिहिण्यावरून आहेच) ते थांबवायला तुम्हीच सांगायचं. येल विद्यापीठात एलाय लेबोविट्झ यांनी 7 ते 14 वयाच्या 124 चिंताग्रस्त मुलांवर एक तुलना केली. निम्म्यांत उपचार मुलांवर केले, उरलेल्या निम्म्यांत मुलाला भेटलेच नाहीत, फक्त आईवडिलांना शिकवलं की ही अशी मदत हळूहळू, प्रेमाने कशी काढून घ्यायची. दोन्हींचा परिणाम सारखाच आला. तुम्ही चौदाच्या नाही, म्हणून हे जसंच्या तसं लागू करत नाही. पण पंचविशीतल्या किती जणांच्या घरी हीच व्यवस्था चालू असते ते मी रोज बघते. आईला असं सांगा: “मी घाबरेन, तोंड पाडेन, तुला राहवणार नाही. तरी फोन माझ्याच हातात ठेव.” त्यांना तुमच्याइतकंच अवघड जाईल, कारण घंटा त्यांचीही वाजते.

आता दोष. टाळू नका म्हणते आणि मीच हा विषय टाळला असं व्हायला नको. मार, अपमान, व्यसन, छळ, असं ज्या घरात झालंय तिथे दोषाची चर्चा खरी असते, तिला वेळ द्यावा लागतो आणि उपचारही वेगळे. तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही. असेल आणि लिहिलं नसेल, तर कृपया कुणाशी तरी समोर बसून बोला. नसेल, तर आईबाबांवर जो राग आहे तो राहू द्या, तो खोटा नाही. त्यांच्याशी एकदा बोलावंसं वाटलं तर बोला. पण ‘आधी त्यांनी चूक कबूल करावी, मग मी बदलेन’ असं ठेवू नका. माझ्याकडे एक गृहस्थ चौतिसाव्या वर्षी आले ते वडिलांच्या माफीची वाट बघत. ती वाट हेच त्यांचं टाळणं झालं होतं. दुसऱ्या टोकाला तुमच्या बाबांच्या तोंडी असेलच, “आमच्या वेळी नव्हतं असलं काही.” होतं. लग्नात पंगतीला न बसणारा, मागच्या दाराने निघून जाणारा एक काका प्रत्येक घरात होता. त्याला ‘माणूसघाणा’ म्हणायचे आणि विषय संपायचा.

दीडदोन महिने हे स्वतः करून काहीच हललं नाही, किंवा नोकरीच सोडावीशी वाटू लागली, झोप आणि जेवण गेलं, जगणं नको वाटलं, तर एकटीने करत बसू नका. शेवटचं असेल तर दीड महिना सोडाच, आजच. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि तिथला बाह्यरुग्ण विभाग तुमच्याआमच्यासारख्यांसाठीही आहे, हे नावामुळे लोक विसरतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे. गोळ्यांबद्दल माझ्यासारख्या मानसशास्त्रज्ञाने सल्ला द्यायचा नसतो, तो मानसोपचारतज्ज्ञांचा प्रांत. एवढंच सांगते की चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तासाभरात शांत करणारी जी गोळी मैत्रीण तिच्या पर्समधून काढून देईल ती घेऊ नका. तिची सवय लागते, आणि ती पुन्हा सुटकाच.

बदल किती होईल, हेही प्रामाणिकपणे सांगते. तुम्ही बहीण होणार नाही. नेथन फॉक्स या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात काही बुजरी मुलं चार वर्षांची होईपर्यंत बरीच मोकळी झाली, आणि त्यांत पहिल्या दोन वर्षांत इतर मुलांत, घराबाहेर सांभाळली गेलेली अधिक होती. म्हणजे सवयीने खूप सरकतं. पण ओढूनताणून बिनधास्त व्हायला गेलेली माणसं मी थकताना पाहिली आहेत. नव्या जागी तुम्ही बहुतेक आयुष्यभर आधी दाराशी उभ्या राहून बघाल. चांगल्या टेस्टिंग टीमला असं बघणारं माणूस लागतंच, हे मला तुमच्याच क्षेत्रातल्या एका मॅनेजर बाईंनी सांगितलं. त्या स्वतः इतक्या बुजऱ्या की माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बेल न वाजवता जिन्यात पंधरा मिनिटं उभ्या होत्या.

आणि लीडचं. बुजऱ्या माणसाचं पहिलं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नको’ असतं. तो विचार नसतो, ती घंटा असते, आणि ती दोन-चार तासांनी, कधी एका रात्रीने, उतरते. तुम्ही तिच्या आवाजातच उत्तर देऊन टाकलंत. कंपनीत असं एकदाच विचारत नाहीत, तीन वर्षं टिकलेल्या माणसाला तर नाहीच. तेव्हा एक वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा. लिहून वाचायला माझी एवढ्यापुरती परवानगी आहे: “मला विचार करायला उद्यापर्यंत वेळ द्या.” मग दुसऱ्या दिवशी दुपारी, पोट ठिकाणावर असताना, काय ते सांगा. तेव्हाही ‘नको’च आलं तर ते तुमचं असेल. आणि महिना उलटला म्हणून काय झालं, तुमच्या मॅनेजरला सोमवारी जाऊन विचारता येतं की ती जागा भरली का. फोनवर विचारलंत तर त्या दिवसाचा फोनही त्यात होऊन जाईल.